ज्याच्या पोटाची सोय नाही, तो मासा विकू नका

सोलापुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी माणसं थोडीच आहेत, पण ती वाढताहेत. होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर या भागांतल्या नव्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीला लागून चार फुटी टाकी, वर निळे एलईडी, आत खडक आणि त्यात लपाछपी करणारे नारिंगी क्लाउनमासे, हे आता नवलाचं राहिलेलं नाही. समुद्र इथून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून लांब. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात आरओचं पाणी साठवायचं, त्यात मोजून मीठ कालवायचं, खारटपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०२५ आलं का ते बघायचं, आणि मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना टाकी २६ वर ठेवायची. हा सगळा खटाटोप मीही करतो. ही हौस मला प्रिय आहे आणि तिची बाजू मी कुठेही घेईन. म्हणूनच तिच्यातल्या एका खरेदीबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

ती खरेदी म्हणजे क्लीनर रॅस. बोटाएवढा, निमुळता मासा. निळसर पांढऱ्या अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, शेपटीकडे रुंद होत गेलेला. तांबड्या समुद्रापासून आपल्या लक्षद्वीप-अंदमानमार्गे पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत, जिथे प्रवाळ आहे तिथे तो सापडतो. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणं हेच त्याचं काम आणि हेच त्याचं जेवण. माझं म्हणणं असं: समुद्रातून पकडलेला क्लीनर रॅस घरगुती टाकीसाठी विकू नये, आपण हौशी लोकांनी तो मागू नये, आणि शोभिवंत माशांच्या विक्रीवर सरकारला नियम करायचाच असेल तर तो याच कसोटीवर करावा. ज्या माशाचं अन्न घरात देता येत नाही, तो घरासाठी विकायचा नाही.

प्रवाळावर या माशाची जागा ठरलेली असते. एखादा उंचवटा, एखादी कपार. दिवस उजाडला की तिथे मासे येऊन थांबतात: पोपटमासे, टँग, हेकरू, कधी वाम. हेकरूसारखा शिकारी मासा जबडा वासून, कल्ले फाकवून निश्चल उभा राहतो आणि हा बोटभर जीव त्याच्या तोंडात शिरतो, दातांमधून, कल्ल्यांमधून फिरतो आणि सुखरूप बाहेर येतो. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझर्ड बेटाजवळ अलेक्झांड्रा ग्रटर या संशोधिकेने हे काम अक्षरशः मोजलं. १९९६ साली तिने दिलेल्या आकड्यांनुसार एक क्लीनर रॅस दिवसाला सरासरी २,२९७ वेळा मासे तपासतो आणि १,२१८ परजीवी खातो. हे परजीवी मुख्यतः नॅथिइड जातीचे असतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, वाळूतून आणि खडकांतून वर येऊन माशांचं रक्त पिणारे.

आता घरची टाकी बघू. चारशे लिटरच्या टाकीत समजूतदार माणूस आठ-दहा मासे ठेवतो. नॅथिइड बहुतेक टाक्यांमध्ये नसतातच, आणि निघाले तर मालक ते घालवायच्या मागे लागतो. गड्ड्याच्या यात्रेत दिवसभर मान वर करायला फुरसत नसलेल्या भजीवाल्याला उचलून दहा बिऱ्हाडांच्या वाड्यात आणून बसवावं, आणि तेही सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर, असा हा प्रकार आहे. दहा मासे, परजीवी जवळजवळ शून्य. या हिशेबात त्याचं पोट कुठून भरणार?

पण नुसतं पोट रिकामं राहतं असं नाही. या माशाला परजीवींपेक्षाही जास्त आवडणारी एक गोष्ट आहे: माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर. हा थर माशाचं संरक्षण असतो. खवल्यांवरचं ते पहिलं कवच. क्लीनर रॅसला संधी मिळाली की तो परजीवी सोडून या थराचा लचका तोडतो. रेदुआन ब्शारी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी समुद्रात आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं हे पाहिलं आहे. लचका तोडला की गिऱ्हाईक मासा दचकतो, कधी क्लीनरच्या अंगावर धावून जातो, नाहीतर सरळ निघून जाऊन दुसऱ्या क्लीनरकडे काम करून घेतो. ज्याला निघून जाण्याची मुभा आहे, त्याच्याशी क्लीनर जास्त सचोटीने वागतो. ज्याचं घरच त्या एका क्लीनरच्या हद्दीत आहे, ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याला तो ताटकळत ठेवतो. समुद्रातला हा सगळा व्यवहार गिऱ्हाइकाला उठून जाता येतं यावर टिकून आहे.

काचेच्या टाकीत उठून जायला जागा नाही. तिथला प्रत्येक मासा अडकलेलं गिऱ्हाईक. परजीवी संपलेले, क्लीनर भुकेला, आणि समोर तेच तेच आठ मासे, दिवसाचे बारा तास. मग टँग खडकामागे लपू लागतो. फॉक्सफेस पंख ताठ करून कोपऱ्यात उभा राहतो. माशांची सेवा व्हावी म्हणून आणलेला मासा त्यांना जगू देत नाही, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा तसूभरही दोष नाही. समुद्रात त्याला आवरणारी जी व्यवस्था होती, तीच आपण बाहेर ठेवून आलो आहोत.

त्याचं घरही मागे राहिलेलं असतं. एक नर आणि त्याच्या हद्दीतल्या काही माद्या असं त्यांचं कुटुंब. रॉस रॉबर्टसन या संशोधकाने १९७२ साली दाखवून दिलं की नर नाहीसा झाला की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-अडीच आठवड्यांत खरोखरच नर होते. कामाच्या वेळी मादीने लबाडी करून गिऱ्हाईक पळवून लावलं तर नर तिच्या मागे लागून तिला शासन करतो, हे २०१० साली सिद्ध झालं. आणि २०१९ मध्ये जपानमधल्या मासानोरी कोहदांच्या गटाने आणखी पुढची गोष्ट प्रसिद्ध केली. या माशाच्या गळ्याखाली रंगाचा ठिपका लावला आणि त्याला आरसा दाखवला, तर तो खाली जाऊन गळा जमिनीवर घासतो, जणू तो ठिपका काढायचा आहे. याचा नेमका अर्थ काय यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण गिऱ्हाइकं ओळखून त्यांच्याशी वेगवेगळं वागणारा हा जीव फिल्टरच्या सुट्या भागासारखा विकत आणण्याजोगा नक्कीच नाही.

शहरातल्या एका दुकानात मी यातला एक बराच वेळ बघत उभा होतो. दोन फुटी टाकी, तळ उघडा, आत एकटा क्लीनर रॅस. काचेला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळायचं आणि परत. मध्येच अंग तिरकं करून शेपटी वर-खाली हलवत तो नाचायचा. गिऱ्हाइकाला बोलवायची त्यांची ही रीत, पण बोलवायला समोर कोणी नव्हतं. डोक्यामागची पाठ पातळ झालेली, पोट आत गेलेलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाने विचारलं, "अण्णा, हा काय खातो?" आतून उत्तर आलं, "सगळं खातो की. तुमच्या टँगवरचे पांढरे ठिपके पण खाऊन टाकतो."

दुकानदार खोटं बोलत नव्हता. त्याला वरून जे सांगितलं गेलं, तेच तो सांगत होता, आणि आपल्याकडे निम्मे क्लीनर रॅस याच आशेने विकले जातात. म्हणून या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

खाऱ्या पाण्यातला व्हाइट स्पॉट हा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. तो माशाच्या कातडीवर बसत नाही, वरच्या थराच्या आत शिरतो आणि तिथे सुरक्षित राहून माशाच्या पेशी खातो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे त्याच्यावर आलेली कातडीच. क्लीनर रॅसचं तोंड पृष्ठभागावरचे नॅथिइड चिमटीत उचलायला घडलेलं आहे. कातडीखालचा एकपेशीय जीव त्याच्या हाती लागत नाही. तीन-चार दिवसांपासून आठवडाभरात हा परजीवी आपणहून मासा सोडतो. ठिपके नाहीसे होतात, आणि आपण म्हणतो, "बघा, रॅसने खाल्ले." प्रत्यक्षात तो तळाशी जाऊन गाठोडं करून बसलेला असतो. त्या गाठोड्यातून काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी शेकडो नवी पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी येते. शिवाय नव्याने आणलेला रॅस स्वतःच हा परजीवी घेऊन आलेला असू शकतो.

यावरचा खरा उपाय कंटाळवाणा आहे. नवीन मासा आला की चार-सहा आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत ठेवायचा. ठिपके दिसले तर तिथेच तांब्याचं औषध द्यायचं, तेही टेस्ट किटने मोजून, किंवा खारटपणा १.००९ पर्यंत उतरवून उपचार करायचा. मुख्य टाकीत तांबं कधीच घालायचं नाही, कारण त्याने कोळंबी आणि प्रवाळ मरतात. मुख्य टाकी मात्र दहा-अकरा आठवडे एकही मासा न ठेवता चालवायची, म्हणजे पाण्यात बाहेर पडलेल्या पिल्लांना आसरा मिळत नाही. या सगळ्याला पन्नास लिटरची टाकी, एक स्पंज फिल्टर आणि चिकाटी लागते. सोलापुरात माझ्या ओळखीच्या बहुतेकांकडे दोन-दोन वेव्हमेकर आहेत, प्रोटीन स्किमर आहे, ही पन्नास लिटरची टाकी नाही. तिच्या जागी एक मासा आणला जातो आणि तो पहिल्या महिन्यात संपतो.

मासा विकत घेऊन त्याच्याकडून काम करून घ्यायची आपली सवय जुनी आहे, आणि ती आपल्याला उजनीत भोवली आहे. टाकीतलं शेवाळ खातो म्हणून घरोघरी आणलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा वाढत गेला, टाकीत मावेना, मग कोणीतरी तो ओढ्यात, तळ्यात, नदीत सोडला. आज भीमेवरच्या उजनी जलाशयात तो कोळ्यांच्या जाळ्यात येतो. अंगावर चिलखतासारखी तकटं, काटेरी पंख. जाळी फाटते, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. क्लीनर रॅस गोड्या पाण्यात जगणार नाही, त्यामुळे तसा धोका त्याच्याकडून नाही. पण खरेदीमागचा विचार तोच आहे. जीव आपल्या सोयीसाठी आणायचा, त्याला पुढे काय लागेल हा प्रश्न दुसऱ्या कोणावर तरी सोडायचा. सकरच्या बाबतीत ते ओझं भिगवण-करमाळ्याच्या कोळ्यांवर पडलं. क्लीनर रॅसच्या बाबतीत ते प्रवाळावर पडतं.

ते किती पडतं याचाही अंदाज आहे. लिझर्ड बेटाजवळच्या काही छोट्या सुट्या प्रवाळखडकांवरून संशोधकांनी क्लीनर रॅस काढून टाकले आणि ते परत येणार नाहीत याची साडेआठ वर्षं काळजी घेतली. २०११ साली निकाल आला. जिथे क्लीनर नव्हते तिथे कायम राहणाऱ्या माशांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि त्यांच्या जातींची संख्या २३ टक्क्यांनी कमी भरली. बोटभर माशाच्या नसण्याने एवढा फरक. बाकीच्या माशांना अंग साफ करून मिळत नाही एवढंच नाही. क्लीनर आपल्या पोटाकडच्या पंखांनी गिऱ्हाइकाची पाठ चोळतो, आणि अशा स्पर्शाने माशांमधला ताणाचा संप्रेरक कमी होतो, असंही २०११ च्याच एका प्रयोगात दिसलं. मासे त्या कपारीपाशी उगाच गर्दी करत नाहीत.

आणि प्रवाळाची अवस्था आधीच नाजूक आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळाने १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये समुद्र तापल्यामुळे पांढरं पडणं सोसलं. महाराष्ट्राकडेही प्रवाळ आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं, आणि त्याच किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत अरबी समुद्रात बुडालेलं आंग्रिया बँकेचं पठार. अशा जागी प्रत्येक क्लीनर मोलाचा असतो.

माझ्यासारख्याच टाकीवाल्या मित्रांशी यावर माझे वाद होतात आणि त्यांचे मुद्दे फालतू नाहीत.

पहिला मुद्दा: काही क्लीनर रॅस टाकीत जगतात. खरं आहे. गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), बारीक चिरलेली कोळंबी, दिवसातून चार-पाच वेळा थोडी थोडी द्यायची, टाकी मोठी, मासे भरपूर आणि दांडगे, तर एखादा वर्षानुवर्षं टिकतो. अशा टाकीचा फोटो सगळे बघतात. पाठ पातळ होऊन तिसऱ्या आठवड्यात गेलेल्याचा फोटो कोणी काढत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००३ साली शोभिवंत सागरी जीवांच्या व्यापाराचा आढावा प्रसिद्ध केला. वर्षाला २ कोटी ते २ कोटी ४० लाख मासे, १,४७१ जाती. टाकीत रुळत नाहीत हे माहीत असूनही सर्रास विकल्या जाणाऱ्या दोन जाती त्यात नाव घेऊन सांगितल्या होत्या, आणि त्यांतली एक म्हणजे क्लीनर रॅस. १९९७ ते २००२ या काळात नोंद झालेले एवढेच ८७,०००. व्यापाराचा मोठा भाग नोंदीबाहेर असतो. तरबेज माणसाच्या टाकीत एखादा जगला म्हणून दुकानाच्या काउंटरवर कोणालाही तो द्यावा, हे मला पटत नाही. आणि खायला शिकला तरी ज्या कपारीतून तो उचलला, तिथली जागा रिकामीच राहते.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे: मासे पकडणाऱ्यांचं पोट. इंडोनेशिया, फिलिपिन्स, श्रीलंकेच्या किनाऱ्यावर हजारो कुटुंबं यावर जगतात. सोलापुरात बसून त्यांच्या कमाईवर नैतिकतेची पाटी लावणं मला शोभणार नाही. विडी आणि यंत्रमागावर चालणाऱ्या शहराला रोजगार गेला की काय होतं ते सांगायला नको. शिवाय प्रवाळ जिवंत ठेवण्यातच ज्यांची कमाई आहे अशी माणसं किनाऱ्यावर असणं चांगलंच. पण म्हणूनच त्यांनी काय पकडावं हे खरेदीदाराने ठरवायला हवं. पकडल्यावर टिकणारे, टाकीत रुळणारे, भरपूर संख्येने असलेले मासे कितीतरी आहेत. क्लीनर रॅस काढला की त्याच खडकावरचे बाकीचे मासे विरळ होतात, म्हणजे तो विकून पकडणारा पुढच्या हंगामातली स्वतःचीच कमाई कमी करतो. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे पकडले गेले. त्यात मासे गेले, प्रवाळ गेलं आणि शेवटी त्या गावांची कमाईही गेली.

तिसरा मुद्दा मुलांचा. समुद्र न पाहिलेल्या सोलापूरच्या मुलाने निदान टाकीत तरी तो पाहावा. हे मला मनापासून मान्य आहे. मुंबईच्या सहलीला गेलेल्या आपल्या कितीतरी पिढ्यांनी १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून पहिल्यांदा समुद्रातला मासा पाहिला. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयात, हजारो लिटर पाण्यात, शेकडो माशांमध्ये क्लीनर रॅस ठेवायला माझी हरकत नाही. तिथे त्याला काम आहे, खायला घालणारी माणसं नोकरीवर आहेत, आणि हजारो डोळे त्याला बघतात. घरच्या मुलासाठी क्लाउनमासा पुरेसा आहे. तो आता पाळून वाढवलेला मिळतो. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउन आणि डॅमसेल या माशांची पैदास आपल्या किनाऱ्यावर करून दाखवली आहे, आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक बायका शोभिवंत कोळंबी वाढवतात. त्या मुलाला आपल्याच देशातल्या बेटावर वाढलेली कोळंबी दाखवता येते, यापेक्षा चांगला धडा कोणता?

माशांनी माशांची सफाई करताना बघायचंच असेल तर निऑन गोबी आहे. कॅरिबियनकडचा, दोन इंचांच्या आतबाहेरचा, निळ्या रेघेचा. तोही परजीवी टिपतो, पण त्यावर अवलंबून नसतो. कोरडं, गोठवलेलं, पडेल ते खातो, आणि कित्येक वर्षांपासून पैदास केंद्रांतून येतो. लाल अंगावर पांढरी रेघ असलेली क्लीनर कोळंबीही आहे. बाजारातल्या बहुतेक कोळंब्या अजून समुद्रातूनच येतात हे खरं, त्यामुळे तिच्या बाबतीत मी निर्धास्त नाही. पण ती उष्टं-खरकटं खाऊन जगते, उपाशी मरत नाही. काच थोपटली की खडकाखालून लांब पांढऱ्या मिशा बाहेर काढते आणि हात पाण्यात घातला तर नखं साफ करायला येते. मुलं टाकीपासून हलत नाहीत.

आपल्या शहराची म्हणून एक वेगळी अडचण आहे. क्लीनर रॅस सतत पोहणारा, अंगावर चरबी न साठवणारा मासा आहे. एखादा दिवस उपास घडला तरी त्याला परवडत नाही. इथे येणारा मासा परदेशातून चेन्नई किंवा मुंबई, तिथून थर्माकोलच्या खोक्यात रेल्वेने नाहीतर ट्रॅव्हल्सने सोलापूर, असा दोन-तीन दिवसांचा उपाशी प्रवास करून येतो. मग एप्रिल-मे. वळवाचा पाऊस आला की वीज जाते. चिलर बंद, पंप बंद, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. क्लाउनमासा इन्व्हर्टरवरच्या एअर पंपावर रात्र काढतो. पाठ आधीच पातळ झालेला रॅस बहुतेकदा काढत नाही. पुण्या-मुंबईच्या टाकीत जे कसंबसं निभावतं, ते इथे निभावत नाही, हे आपण मान्य करायला हवं.

राहिला कायदा. आपल्या समुद्रातलं खडकाळ प्रवाळ आणि समुद्रघोडा २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, वाघाच्या बरोबरीने. त्याच प्रवाळावर काम करणारा मासा मात्र त्यात नाही. २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयांसाठी आणि माशांच्या दुकानांसाठी नियम काढले आणि १५८ जातींच्या विक्रीवर एकदम बंदी घातली. दुकानदार आणि पाळणारे दोघेही खवळले, आणि काही महिन्यांतच नियम मागे घ्यावे लागले. मला वाटतं ते बरंच झालं. एवढी लांब यादी, जिच्यात प्रत्येक नावामागचं कारण कोणाला सांगता येत नाही, ती पाळली जात नाही. तिच्यामुळे सगळा धंदा चोरीछुपे मात्र होतो.

पण त्यानंतर पाटी कोरीच राहिली, हे चुकलं. यादी छोटी हवी आणि कसोटी एक हवी: याला घरात काय खायला घालणार? या कसोटीवर क्लीनर रॅसच्या सगळ्या जाती घरगुती विक्रीतून बाद होतात. फक्त जिवंत प्रवाळ खाऊन जगणारे बटरफ्लाय मासे बाद होतात. आणि यादी बदलती हवी. २००३ च्या त्या अहवालातली दुसरी जात होती मँडरिन मासा. समुद्रातून आणलेला मँडरिन खडकांवरचे सूक्ष्म जीव संपले की उपाशी मरायचा. आता पैदास केंद्रात जन्मलेला आणि तयार खाद्यावर वाढवलेला मँडरिन मिळतो. तो कसोटीला उतरतो, म्हणून तो विकायला हवा. उद्या क्लीनर रॅस असा नियमितपणे वाढवता आला, तर माझा आक्षेप मी मागे घेईन. जिवंत मासे परदेशातून आणायला सरकारची परवानगी लागतेच. त्या टप्प्यावर दहा-बारा नावं खोडणं हे गल्लोगल्ली दुकानं तपासण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, आणि त्यासाठी संसदेत जायची गरज नाही.

ते होईल तेव्हा होईल. सोलापुरात खाऱ्या पाण्यातले मासे ठेवणारी दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि आपण सगळे त्यांना नावाने ओळखतो. मीठ, टेस्ट किट, मायसिसची पाकिटं आपण तिथूनच घेतो. मासा घेण्याआधी "हा कुठून आला आणि आत्ता माझ्यासमोर काय खातो ते दाखवा" एवढं म्हणायचा हक्क आपल्याला आहे, आणि चांगला दुकानदार त्याचा राग मानत नाही. मी जिथून मीठ घेतो तिथल्या मालकांशी यावर बोललो. त्यांनी सांगितलं की क्लीनर रॅस ते आपणहून मागवतच नाहीत, कारण चारातले तीन दुकानातच जातात. कोणीतरी फोन करून सांगतं, "या वेळी दोन ठेवा माझ्यासाठी," तेव्हाच तो खोक्यात येतो.